डाऊन सिंड्रोमचं बाळ, हृदयात मोठं छिद्र आणि ‘वजन वाढू द्या’ हा सल्ला

प्रश्न एका मामांनी विचारलाय, भाचीसाठी. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. बहिणीची मुलगी साडेतीन महिन्यांची, जन्मताना २.६ किलो होती, आता ३.९ आहे. कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, रिपोर्ट आलाय, डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे एकविसावं गुणसूत्र एक जास्तीचं. टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ‘कम्प्लीट एव्ही कॅनल डिफेक्ट, लार्ज, सिव्हिअर पीएएच’ असं लिहिलंय (पीएएच म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतलं वाढलेलं प्रेशर), रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९३. गावाकडचे डॉक्टर म्हणतात वजन दहा किलो होऊ द्या मग बघू, पुण्यातले सर्जन म्हणतात महिन्याभरात करून टाका, आणि सासरची मंडळी म्हणतायत की मुळात अशा मुलाची चिरफाड कशाला, देवाने दिलंय तेवढं जगेल. मामा विचारतायत, दोन डॉक्टरांपैकी खरं कोण?

मामा, मी लहान मुलांच्या हृदयाची डॉक्टर आहे, २२ वर्षं हेच करतेय. बाळ मी बघितलेलं नाही, इकोचा व्हिडिओही नाही, त्यामुळे इथे लिहितेय तो सल्ला म्हणून घ्या, प्रिस्क्रिप्शन म्हणून नाही. आणि खरं सांगायचं तर तुमच्या मेसेजमध्ये एक नाही तीन प्रश्न आहेत. ऑपरेशन कधी, हा पहिला. करायचं का, हा दुसरा, तो सासरच्यांचा आहे पण मला वाटतं तुमच्याही मनात थोडा आहे. तिसरा तुम्ही विचारलाच नाहीये, शेवटच्या ओळीत नुसतं लिहिलंय की बहीण सारखी म्हणते माझंच काहीतरी चुकलं. तिन्हींवर बोलते, पण ‘कधी’वर जास्त, कारण वेळ तिथे चाललाय.

आधी हे छिद्र नक्की आहे काय ते बघू. हृदयात चार कप्पे, वर दोन खाली दोन. कागदावर अधिकचं चिन्ह काढा, उभी रेघ म्हणजे डाव्या उजव्यामधला पडदा, आडवी रेघ म्हणजे वरच्या खालच्या कप्प्यांमधल्या झडपा. आता खोडरबर घेऊन त्या चिन्हाचा बरोबर मधला भाग, जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात, तो पुसून टाका. हाच एव्ही कॅनल. वरच्या पडद्यात भोक, खालच्या पडद्यात भोक, आणि दोन वेगळ्या झडपांऐवजी मधोमध एकच मोठी सामाईक झडप. पोटात असताना पहिल्या आठ आठवड्यांत हृदय तयार होतं, तेव्हा मधले उशीसारखे दोन उंचवटे एकमेकांना येऊन चिकटायचे असतात, ते चिकटत नाहीत. डाऊन सिंड्रोमच्या मुलांमध्ये हे खूप जास्त दिसतं. एरवी शंभरात साधारण एका बाळाला जन्मजात हृदयाचा काहीतरी दोष असतो, डाऊनमध्ये जवळपास निम्म्या बाळांना असतो, आणि त्यातही एव्ही कॅनल हा त्यांचा अगदी खास म्हणावा असा दोष.

आता मुद्द्याचं. डाव्या बाजूचं प्रेशर उजवीपेक्षा चार-पाच पट जास्त असतं, त्यामुळे भोकातून रक्त डावीकडून उजवीकडे ढकललं जातं आणि तिथून फुप्फुसात. पण हे पहिल्या दिवशी होत नाही. जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसातल्या नळ्या आकसलेल्या असतात, त्या चार ते आठ आठवड्यांत हळूहळू सैल होतात, आणि त्या जशा सैल होतात तसा लोंढा वाढतो. म्हणून तर तुमच्या बहिणीला वाटतंय की दवाखान्यातून आणलं तेव्हा बाळ चांगलं होतं, बारशालाही चांगलं होतं, आणि दीड महिन्यापासून धाप लागायला लागली, दूध ओढताना कपाळावर घाम, दोन घोट घेतले की थांबते, परत ओढते, परत थांबते. बाळाला बाहेरचं काही झालेलं नाही, नळ्या सैल झाल्या इतकंच.

तुम्ही शेतकरी आहात असं लिहिलंय म्हणून असं सांगते. ठिबकच्या बारीक नळीला मोटारीचं पूर्ण प्रेशर डायरेक्ट जोडलं तर काय होईल? नळी फुटेल. फुप्फुसातल्या नळ्या जिवंत आहेत, त्या फुटत नाहीत, आपली भिंत जाड करतात. आधी नुसता स्नायू वाढतो, हे उलटवता येतं, भोक बंद केलं की नळ्या हळूहळू परत मऊ होतात. पण प्रेशर चालूच राहिलं तर आतून थर चढायला लागतात, नळ्या बारीक होत होत बंद पडायला लागतात, आणि एका टप्प्यानंतर हे उलटत नाही. मग फुप्फुसाचं प्रेशर अंगाच्या प्रेशरइतकं किंवा त्याहून जास्त होतं, रक्त उलटं वाहायला लागतं, उजवीकडून डावीकडे, आणि मूल निळं पडतं. याला आयझेनमेंगर म्हणतात. तिथे पोचल्यावर भोक बंद करता येत नाही, कारण तेवढंच एक भोक उजव्या बाजूचं प्रेशर सोडायची वाट उरलेली असते, ती बुजवली तर उजवी बाजू कोलमडते.

साध्या मोठ्या व्हीएसडीत, म्हणजे फक्त खालच्या पडद्यात भोक असेल तर, हे व्हायला साधारण दीड-दोन वर्षं मिळतात. एव्ही कॅनलमध्ये कमी. आणि डाऊन सिंड्रोम असेल तर आणखी कमी, सहा महिने ते वर्ष, कधी त्याच्याही आधी सुरुवात. कारणं एकापेक्षा जास्त आहेत. या मुलांच्या फुप्फुसात हवेच्या पिशव्याच कमी असतात, म्हणजे नळ्यांचं जाळंही लहान. नाक घसा अरुंद, जीभ पुढे, टॉन्सिल लवकर वाढतात, झोपेत घोरतात आणि घोरताना ऑक्सिजन खाली जातो, ऑक्सिजन खाली गेला की फुप्फुसाच्या नळ्या आणखी आवळतात. वर दूध श्वासात जाणं, वारंवार सर्दी-न्यूमोनिया. म्हणून डाऊनच्या एव्ही कॅनलला आम्ही तीन ते सहा महिन्यांत ऑपरेशन म्हणतो, औषधांनीही धाप आटोक्यात येत नसेल तर त्याआधी.

मग दहा किलोवाला सल्ला आला कुठून? त्या डॉक्टरांना वेड्यात काढू नका, तो सल्ला अगदी हवेतून आलेला नाही. एकेकाळी लहान बाळांसाठी बायपास मशीन (ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसाचं काम करणारं यंत्र), त्याच्या बारीक नळ्या, बाळांचं वेगळं आयसीयू आपल्याकडे फारसं नव्हतं, तेव्हा छोट्या बाळाचं ऑपरेशन म्हणजे खरंच जुगार होता. आणि आजही वरच्या पडद्यातलं साधं भोक, म्हणजे एएसडी, असेल तर आम्हीच म्हणतो निवांत तीन-चार वर्षांचं होऊ द्या. छोटा व्हीएसडी असेल तर कधीकधी आपोआपही बुजतो. त्यामुळे ‘छिद्र आहे, थांबा’ हे वाक्य शंभरातल्या बऱ्याच बाळांना लागू पडतं. फक्त तुमच्या भाचीला नाही. तिचं भोक आपोआप बुजणाऱ्यातलं नाही.

आणि वजनाचं गणित तुम्हीच करून बघा. २.६ वरून ३.९, म्हणजे १३०० ग्रॅम, दिवस साधारण १०५. रोजचे १२ ग्रॅम. या वयाच्या धडधाकट बाळाचं रोज २५-३० ग्रॅम वाढतं. डाऊनची बाळं थोडी सावकाश वाढतात हे धरलं तरी हे कमीच आहे. कारण पोटात गेलेलं दूध श्वास घेण्यातच खर्च होतंय, बाळ चोवीस तास पळतंय असं समजा. या वेगाने दहा किलो व्हायला दीड वर्ष लागेल, आणि तोपर्यंत नळ्यांचं काय होईल ते वर लिहिलंच आहे. बाळसं धरायचं ते ऑपरेशननंतर धरतात ही बाळं, आणि काय धरतात, दोन-तीन महिन्यांनी फॉलोअपला आणतात तेव्हा मला फाइलवरचं नाव वाचल्याशिवाय ओळखू येत नाही.

आता एक गोष्ट, जी मला वाटतं या सगळ्या उत्तरातली सगळ्यात महत्त्वाची आहे आणि जी लोकांना पटायला सगळ्यात अवघड जाते. उशीर झाला की बाळ बरं दिसायला लागतं. हो, बरं. नळ्या जाड झाल्या की फुप्फुसात जाणारा लोंढा कमी होतो, लोंढा कमी झाला की धाप कमी, घाम कमी, न्यूमोनिया थांबतात, वजन वाढायला लागतं. घरचे म्हणतात अमुक बाबांच्या अंगाऱ्याने गुण आला, कुणी म्हणतं होमिओपॅथी लागू पडली, आणि डॉक्टरसुद्धा म्हणतात की छान, आता गरजच दिसत नाही. खरं तर त्याच वेळी दार बंद होत असतं. कॅम्पमध्ये असं एक सहा वर्षांचं पोर बघितलेलं आठवतं, गुटगुटीत, हसरं, आई कौतुकाने सांगत होती की पहिल्या वर्षी चार वेळा ॲडमिट होता आणि नंतर एकदाही नाही. मी नखं बघितली. जांभळी, टोकं फुगलेली. तिला ते सांगताना काय शब्द वापरायचे हे मला आजही नीट ठरवता आलेलं नाही.

छातीतला आवाज, म्हणजे मर्मर, याच्याबाबतीतही तेच. लोकांना वाटतं भोक मोठं तर आवाज मोठा. प्रेशर दोन्हीकडे सारखं असेल तर आवाजच येत नाही. ही चूक मी स्वतः केलीय. शिकून बाहेर पडले तेव्हाची पहिली-दुसरी वर्षं, डाऊनचं दहा दिवसांचं बाळ, स्टेथोस्कोप लावला, काही ऐकू आलं नाही, रंग चांगला, दूध पितंय, म्हटलं हृदय ठीक आहे. इको नंतर कधीतरी करा म्हणाले. ते बाळ परत आलं अडीच वर्षांनी. त्यानंतर मी एक नियम केला, डाऊन सिंड्रोम आहे किंवा नुसती शंका आहे, तर पहिल्या महिन्यात इको, आवाज असो नसो, मूल कितीही छान दिसो. इथे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात, नात्यात डाऊनचं बाळ असेल आणि इको झाला नसेल तर याच आठवड्यात करून घ्या.

रिपोर्टातल्या ‘सिव्हिअर पीएएच’ने तुम्ही घाबरलाय. मामा, साडेतीन महिन्यांच्या बाळाला एवढं मोठं भोक असेल तर प्रत्येक रिपोर्टवर हे लिहिलेलं असतंच, भोक मोठं म्हणजे दोन्हीकडे प्रेशर सारखं, म्हणजे पीएएच. ते लोंढ्याचं प्रेशर आहे, नळ्या बंद झाल्याचं नाही. धाप लागतेय, घाम येतोय, वजन वाढत नाही, यकृत वाढलंय, एक्स-रेत हृदय मोठं आणि फुप्फुसं भरलेली दिसतायत, हे सगळं उलट चांगलं लक्षण आहे, म्हणजे लोंढा चालू आहे, म्हणजे वेळ गेलेली नाही. ९३ सॅच्युरेशनही चालतं, या दोषात दोन्ही रक्तं थोडी मिसळतातच. मूल वर्षाच्या पुढचं असेल, सॅच्युरेशन सतत ९० च्या खाली असेल, धाप नसेल, तर मग आम्ही आधी कॅथ करतो, म्हणजे मांडीतून नळी घालून फुप्फुसातल्या नळ्यांचं रेझिस्टन्स, म्हणजे रक्ताला होणारा अडथळा, मोजतो, ऑक्सिजन आणि नायट्रिक ऑक्साइड वायू देऊन बघतो की कमी होतंय का, आणि मग ठरवतो. तुमच्या भाचीला बहुधा त्याची गरज पडणार नाही.

कशावर अवलंबून आहे तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी सगळं छातीठोक सांगतेय. एक, दोन्ही खालचे कप्पे सारख्या आकाराचे आहेत का. रिपोर्टात ‘बॅलन्स्ड’ किंवा ‘अनबॅलन्स्ड’ असा शब्द शोधा. एक कप्पा फारच लहान असेल तर हे ऑपरेशनच होत नाही, वेगळा आणि लांबचा रस्ता धरावा लागतो, आणि तो रस्ता डाऊनच्या मुलांना जड जातो. दोन, झडप किती गळतेय. तीन, अंगात आत्ता इन्फेक्शन आहे का. न्यूमोनिया चालू असताना बायपासवर घेणं म्हणजे संकट ओढवून घेणं, थोडं थांबून तो बरा करावाच लागतो. बाळ फारच खंगलेलं असेल, व्हेंटिलेटरवरून निघतच नसेल, तर कधी आधी फुप्फुसाच्या मुख्य नळीला पट्टी बांधून लोंढा कमी करतात, त्याला बँडिंग म्हणतात, आणि मोठं ऑपरेशन पुढे ढकलतात. ही पळवाट आहे, पण काही बाळांना तीच वाचवते.

ऑपरेशनमध्ये दोन्ही भोकांवर पॅच लावतात आणि त्या एका झडपेच्या दोन करतात. भोकं बुजवणं सोपं, कसब झडपेत आहे. सासरच्यांना एक सांगा, डाऊनच्या मुलांमध्ये या झडपेचा पडदा सहसा शिवायला चांगला असतो, दुरुस्तीचे रिझल्ट डाऊन नसलेल्या मुलांच्या बरोबरीचे किंवा थोडे सरसच येतात. धोके मी लपवत नाही. चांगल्या सेंटरला जिवाचा धोका शंभरात काही मोजक्या मुलांना, बाळ उशिरा, कुपोषित, इन्फेक्शन घेऊन आलं की तो वाढतो. थोड्या मुलांमध्ये हृदयाची वायरिंग पॅचजवळून जाते तिला इजा होते आणि पेसमेकर लागतो. डावी झडप पुढे गळायला लागून शंभरातल्या साधारण दहा मुलांना कधीतरी दुसरं ऑपरेशन लागतं. आयसीयूतले दिवस डाऊनच्या बाळांना जास्त लागतात, श्वासनलिका अरुंद असते म्हणून ट्यूबही एक नंबर लहान लागते, फुप्फुसाचं प्रेशर अचानक उसळू शकतं. सर्जनना सरळ विचारा, सर, वर्षाला एव्ही कॅनल किती करता, आणि त्यातली किती घरी जातात? चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही. चिडला तर तेही तुमच्या कामाचं उत्तर आहे.

तर इथपर्यंत, म्हणजे ‘कधी’चं माझं उत्तर पुण्याच्या सर्जनच्या बाजूने आहे, कप्पे बॅलन्स्ड असतील आणि इन्फेक्शन नसेल तर चार-सहा आठवड्यांच्या आत.

आता सासरच्यांचा प्रश्न. त्यांच्यावर रागावू नका. गंमत म्हणजे एव्ही कॅनलची पहिली यशस्वी दुरुस्ती १९५४ ची आहे, अमेरिकेत मिनेसोटाला डॉ. लिलहाय यांनी केली, आणि तेव्हा हार्ट-लंग मशीनऐवजी आई किंवा बापाच्या रक्तवाहिन्या मुलाला जोडून मोठ्या माणसाच्या फुप्फुसावर ऑपरेशन चालायचं. म्हणजे तंत्र सत्तर वर्षांपासून आहे. पण त्यानंतर कितीतरी वर्षं मोठमोठ्या देशांतल्या डॉक्टरांनीसुद्धा डाऊनच्या मुलांना टेबलावर घेतलं नाही, कारण तेच, अशा मुलाला कशाला. अमेरिकेत १९८३ च्या आसपास डाऊन सिंड्रोमच्या माणसाचं सरासरी आयुष्य २५ वर्षं होतं, आज ६० च्या घरात आहे, आणि हा फरक पडण्यात वेळेवर झालेल्या हृदयाच्या ऑपरेशनचा वाटा फार मोठा आहे. जे शिकलेल्या डॉक्टरांना वाटत होतं ते बाळाच्या सासरकडच्या आजोबांना वाटलं तर नवल काय.

मी अशा वेळी काय करते, आजोबांना एकट्यांना इकोच्या खोलीत घेते, स्क्रीनवर रंग दाखवते, लाल निळं कसं मिसळतंय ते. ते बहुतेक एकच विचारतात, ऑपरेशननंतर शाळेत जाईल का? मी खोटं बोलत नाही. ऑपरेशनने डाऊन सिंड्रोम जात नाही. ही मुलगी दोनेक वर्षांची झाली की चालेल, बोलणं उशिरा येईल, शिकणं सावकाश होईल, किती होईल ते आज कुणीच सांगू शकत नाही. ऑपरेशनने धाप जाईल, दूध पचेल, बसायला चालायला अंगात ताकद येईल. आणि ‘देवाने दिलंय तेवढं जगेल’ यात त्यांच्या डोळ्यासमोर जे शांत काहीतरी असतं ना, तसं ते नसतं, हे मी त्यांना स्पष्ट सांगते. यातली काही बाळं पहिल्याच वर्षी न्यूमोनियात जातात, दर महिन्याला ॲडमिट, हाताला सुई लावायला शीर सापडत नाही. जी वाचतात ती दहाव्या बाराव्या वर्षी जिना चढू शकत नाहीत, रक्त घट्ट होतं, डोकं दुखतं, खोकल्यातून रक्त पडतं, आणि हे सगळं बघायला हीच आई असते. हे ऐकून घेतल्यावरही एखादं घर नाही म्हणतं. अनबॅलन्स्ड असेल किंवा सोबत आणखी मोठे दोष असतील तर मीही कधी म्हणते की जोर नको देऊ या. पण तुमच्या भाचीच्या केसमध्ये वाचून मला तसं दिसत नाही.

पैशाचं तुम्ही लिहिलं नाहीये पण मधे तेच असतं बऱ्याचदा. हृदयाची जन्मजात ऑपरेशनं महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात, रेशनकार्ड आणि आधार लागतं, बाळाचं नाव कार्डावर नसेल तर जन्मदाखला तयार ठेवा, दाखला काढायला लोक उशीर करतात आणि मग तिथे आठवडा जातो. अंगणवाडीतून किंवा जिल्हा रुग्णालयातून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीमला गाठा, २०१३ पासून ही योजना आहे आणि जन्मजात हृदयदोष नि डाऊन सिंड्रोम दोन्ही तिच्या यादीत आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचं डीईआयसी, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार करणारं केंद्र, असतं, तिथे फिजिओ, स्पीच थेरपीही मिळते, ऑपरेशननंतर तेही लागणारच आहे. नवी मुंबईत खारघरला श्री सत्यसाई संजीवनीमध्ये मुलांची हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात. रांगा सगळीकडे आहेत, म्हणून एकाच ठिकाणी नाव लावून बसू नका, दोन ठिकाणी रिपोर्ट पाठवा आणि ‘डाऊन, कम्प्लीट एव्ही कॅनल, वय साडेतीन महिने’ हे पहिल्याच वाक्यात लिहा, कारण नंबर लावणाऱ्याला घाई त्यावरून कळते.

मधल्या काळात घरी काय. लॅसिक्स, ॲल्डॅक्टोनसारखी लघवी वाढवणारी औषधं चालू असतील तर डोस वजनावर असतो, वजन वाढलं की डोस बदलून घ्या, आणि जुलाब उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, स्वतः बंद नाही नि स्वतः चालूही नाही. अंगावर ओढताना वीस मिनिटांत दमत असेल तर उरलेलं दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या, दर दोन तासांनी थोडं थोडं, मांडीवर अर्धवट बसतं धरून. तेवढ्यानेही भागलं नाही तर नाकातून नळी घालून पाजतात, त्यात कमीपणा नाही, कितीतरी आया घरी सहज करतात. मध, घुटी, कुणी दिलेली मात्रा, काही नको. आंघोळीनंतरची धुरी आजपासून बंद, ओव्याची असो लसणाची असो, धूर तो धूर, यावर आजीशी भांडण झालं तरी चालेल. टाळू भरा, मालिश करा, त्याला ना नाही. घरी ऑक्सिजनचं सिलेंडर आणून ठेवू नका, अशा बाळांना विनाकारण ऑक्सिजन दिला की फुप्फुसाकडचा लोंढा उलट वाढतो. लसी सगळ्या वेळेवर, न्यूमोनियाची पीसीव्ही सरकारी दवाखान्यातच मिळते. झोपेत मिनिटाला साठच्या वर श्वास, दूध निम्म्यावर आलं, हातपाय गार, रंग राखेसारखा, सहा-आठ तास लघवी नाही, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

ऑपरेशनआधी थायरॉइड बघितलाय का ते विचारा. डाऊनमध्ये तो बऱ्याचदा कमी असतो, कमी असेल तर बाळ सुस्त, वजन नाही, आणि खापर सगळं हृदयावर फुटतं. रक्तातल्या पेशींची तपासणी, सीबीसी, तीही. आणि भूलतज्ज्ञांना तोंडी आठवण द्या की डाऊन आहे, मानेचे मणके सैल असू शकतात, मान जपून. त्यांना माहीत असतंच, पण सांगितल्याने कुणाचं नुकसान होत नाही.

इथे दुसऱ्या कुणी ‘आमच्याकडे पण जेनेटिक आहे’ म्हणून हेच वाचत असेल तर जरा थांबा, हे घाईचं गणित डाऊनचं आहे, सगळ्या सिंड्रोमना चालत नाही. २२क्यू डिलीशनची, म्हणजे बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेली, बाळं फॅलोसारखे (ज्यात मूल निळं पडतं असे) हृदयाचे दोष घेऊन येतात, तिथे आधी कॅल्शियम बघायचं आणि रक्त चढवताना रेडिएशन दिलेलंच रक्त मागायचं, कारण त्यांची प्रतिकारशक्ती कच्ची असू शकते. विल्यम्स सिंड्रोममध्ये महारोहिणी, म्हणजे हृदयातून अंगाला रक्त नेणारी मुख्य नळी, झडपेच्या वर आवळलेली असते, त्या मुलांना नुसत्या झोपेच्या औषधानेही धोका होऊ शकतो, गावच्या सेंटरला सिरप पाजून स्कॅन करू नका. टर्नर सिंड्रोमच्या मुलींची महारोहिणी जन्मभर तपासत राहायला लागते, लहानपणी ऑपरेशन झालं म्हणून सुटका नाही. म्हणून हृदयाचा दोष सापडला की कोणता सिंड्रोम हे कळणं आमच्यासाठी नुसतं नाव नसतं, त्यावर भूल, रक्त, वेळ सगळं बदलतं.

शेवटी बहिणीचं. तिला हे वाचून दाखवा. ग्रहणात भाजी चिरली, गाडीवरून प्रवास केला, पपई खाल्ली, यातल्या कशानेही हे होत नाही. मामाच्या मुलाशी लग्न झालं म्हणूनही नाही, नात्यातल्या लग्नाने दुसरे काही आजार वाढतात, डाऊन नाही. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना एकविसाव्या गुणसूत्राची जोडी सुटायची राहते आणि एक जास्तीचं येतं, गरोदर असल्याचं कळायच्या कितीतरी आधी हे ठरून गेलेलं असतं. आईचं वय वाढलं की शक्यता वाढते हे खरं, पण विशी-पंचविशीतल्या आयांनाही अशी बाळं होतात, मी रोज बघते.

कॅरिओटाइपच्या रिपोर्टात फक्त एक बघायचंय. ‘४७, एक्सएक्स, +२१’ असं असेल तर नेहमीचा प्रकार, पुढच्या बाळाला शक्यता साधारण शंभरात एक, वय जास्त असेल तर वयाप्रमाणे, आणि आईबापांच्या तपासणीची गरज नाही. ४६ लिहिलं असेल आणि पुढे ट्रान्सलोकेशन, म्हणजे जास्तीचं एकविसावं दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं, असेल तर मात्र दोघांचीही रक्ततपासणी करायची, कारण तेव्हा पुढच्या खेपेचा धोका कुणाकडून आलंय त्यावर खूप बदलतो. ती तपासणी करताना फक्त सुनेचं रक्त काढून पाठवतात लोक, तसं होऊ देऊ नका, जावयांनाही घेऊन जा.

एवढं करा, रिपोर्टचा फोटो परत टाका, नाव पत्ता झाकून, बॅलन्स्डचा शब्द आहे का आणि डाव्या झडपेचं लीक किती लिहिलंय ते मला बघायचंय. इकोची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या, दुसऱ्या सेंटरला नुसता कागद पाठवला तर ते परत पहिल्यापासून इको करायला बोलावतील आणि एवढ्याशा बाळाला घेऊन एसटीने पुन्हा एक फेरी पडेल.